एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र येतं. मग गावोगावच्या शाळांत एकच लगबग उडते. पुठ्ठे, छोट्या मोटारी, एलईडीच्या माळा यांची खरेदी सुरू होते. पालक शाळेच्या फाटकाशी गाठतात, "बाई, यंदा मॉडेल कुठलं करायचं? खर्चाचं काही बघू नका." त्यांच्या बोलण्यात मुलांबद्दलची माया असते, हौस असते आणि आपलं लेकरू पुढे जावं ही ओढही असते. आठवड्याभरात ज्वालामुखी फुटायला तयार होतो, पवनचक्की फिरू लागते, ठिबक सिंचनाचं शेत हिरवंगार होतं. टेबलामागे पाच मुलं उभी राहतात आणि वाटून दिलेले परिच्छेद एकामागून एक म्हणून दाखवतात. पहिल्याला थांबवून तिसऱ्याच्या परिच्छेदातलं काही विचारलं, की तो तिसऱ्याकडे बघतो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मुलांबरोबर प्रकल्प करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. प्रकल्पासाठी गट करायचा तो काम वाटून घ्यायला नव्हे, एकमेकांचं काम तपासायला. विज्ञान एकट्याच्या डोळ्यांवर विसंबून राहत नाही. एकाला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसावं लागतं. हे सूत्र धरलं की प्रश्न कसा निवडायचा, कोणाला काय काम द्यायचं, वही कशी ठेवायची, शिक्षकाने आणि पालकांनी कुठे थांबायचं, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

मुलांसाठी वाटा बऱ्याच आहेत. एनसीईआरटीचं राष्ट्रीय पातळीवरचं बालवैज्ञानिक प्रदर्शन 1971 पासून सुरू आहे. आपली तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरची प्रदर्शनं त्याच साखळीतली. 1993 साली केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू केली. त्यात 10 ते 17 वर्षांची मुलं आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेऊन गटाने अभ्यास करतात. 'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना मागवतात आणि निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात. मुंबईतली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते; तिच्या पुढच्या टप्प्यावर कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. यातल्या कुठल्याही वाटेने गेलं तरी शाळेतली तयारी एकच असते: मुलांना प्रश्न पडायला हवा आणि त्याचं उत्तर त्यांनी स्वतः शोधायला हवं.

प्रश्न लहान हवा

आमच्याकडे प्रकल्पाचं काम गणपती उठल्यावर सुरू होतं, प्रदर्शनाचं पत्र यायच्या कितीतरी आधी. पहिले काही दिवस मी फक्त प्रश्न गोळा करते. वर्गाच्या मागच्या भिंतीवर जुनी कॅलेंडरं उलटी करून लावते. ज्याला जे सुचेल ते त्याने तिथे लिहायचं. ज्वारीचं कणीस आधी वरून पिकतं की खालून? शेळी रुईचा पाला का खात नाही? मोटारसायकलची सीट उन्हात एवढी का तापते? भाकरी फुगते, मग पोळीपेक्षा ती लवकर कडक का होते? या भिंतीवर मी कोणाचं शुद्धलेखनही तपासत नाही.

मग चाळणी लावायची. प्रत्येक प्रश्नाला मुलांनीच तीन गोष्टी विचारायच्या. याचं उत्तर मोजून काढता येईल का? मोजायला लागणारं सामान गावात मिळेल का? आणि उत्तर आपल्याला आधीच पाठ आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असं उत्तर आलं, की प्रश्न राहिला. 'प्रदूषण कसं थांबवावं' हा प्रश्न पहिल्याच चाळणीत जातो. 'शाळेच्या टाकीचा नळ थेंबथेंब गळतो, त्यातून दिवसाला किती पाणी जातं' हा मात्र टिकतो, कारण एक बादली, एक मापटं आणि घड्याळ एवढ्यावर त्याचं उत्तर निघतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जगाचे प्रश्न दिले की तो पाठांतराकडे वळतो आणि हाताच्या अंतरावरचा प्रश्न दिला की तो विचाराला लागतो.

एका गटाच्या प्रकल्पाबद्दल इथे सविस्तर सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळं आलं. सातवीतल्या एका मुलीने भिंतीवर लिहिलं होतं, 'आजी म्हणते, माठ जुना झाला की पाणी गार करत नाही. खरं का?' आमच्या भागात बोअरचं पाणी जड. हंड्याला, बादलीला, माठाला पांढरा थर धरतो. दर उन्हाळ्यात नवा माठ आणायचा, हे घरोघरी ठरलेलं. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणीही मोजून न पाहिलेली गोष्ट. असा प्रश्न सापडला की मी मनातून खूश होते. तीन मुली आणि दोन मुलं असा गट जमला.

कोण काय करणार

गट केला की कामं आपोआप वाटली जातात, आणि तिथेच शिक्षकाने जागं राहायचं असतं. मोकळं सोडलं तर मुलगे तापमापी आणि वजनकाटा हातात घेतात, मुलींकडे सुंदर अक्षरात तक्ते लिहिणं येतं, सगळ्यांत हुशार मूल बोलायचं काम घेतं आणि सगळ्यांत गप्प मूल पाणी भरून आणतं. प्रकल्प पुरा होतो, पण पाचांतल्या चौघांना विज्ञान भेटतच नाही.

म्हणून मी पाच कामं ठरवून देते आणि ती दर आठवड्याला फिरवते. एक जण मापं वाचतो. दुसरा तेच माप पहिल्याचा आकडा न ऐकता पुन्हा वाचतो. तिसरा लिहितो. चौथा घड्याळ आणि सामान सांभाळतो. पाचव्याचं काम शंका काढण्याचं. त्याला मुलांनी 'विरोधी पक्ष' असं नाव दिलं आहे. 'दोन्ही माठ सारख्याच सावलीत आहेत कशावरून?', 'झाकण एकावरच का?' असं त्याने विचारत राहायचं आणि बाकीच्यांनी चिडायचं नाही. एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा विरोधी पक्षाचा आठवडा आला की बोलायला लागतात, कारण त्या आठवड्यात शंका काढणं हे त्यांचं अधिकाराचं काम असतं. गप्प मुलाला 'बोल, बोल' म्हणण्यापेक्षा हा उपाय मला जास्त गुणकारी वाटतो.

गटात कोण कोणाबरोबर हेही बघावं लागतं. जिवलग मैत्रिणींचाच गट केला तर एकमेकींना खोडून काढायला जड जातं. सगळे अनोळखी असले तर कोणी बोलत नाही. मी प्रश्नावरून गट करते: ज्याला जो प्रश्न आवडला त्याने त्याच्याखाली नाव लिहायचं. सहावी आणि आठवी एका गटात आली तरी हरकत नाही. आठवीचं मूल गणित करतं, पण सहावीचं मूल 'असं का?' हे जास्त मोकळेपणाने विचारतं.

वहीतली खाडाखोड

प्रकल्पाची नोंदवही शाईच्या पेनाने किंवा बॉलपेनानेच लिहायची आणि खोडरबर वापरायचं नाही, हा आमचा नियम आहे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि का बदलला हे दोन शब्दांत नोंदवायचं. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, वारा होता का, माप कोणी वाचलं, कोणी तपासलं, एवढं प्रत्येक ओळीत यायला हवं. शेवटी हीच वही प्रदर्शनात टेबलावर ठेवायची. तिची पानं पाण्याने फुगलेली असली तरी चालेल. सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली दुसरी वही करायची नाही. पालकांना हे आधी पटत नाही. 'परीक्षक काय म्हणतील?' अशी त्यांना काळजी असते. पण जाणत्या परीक्षकाचा हात पहिल्यांदा अशाच वहीकडे जातो.

माठाच्या गटाने तीन भांडी घेतली: गावातल्या कुंभाराकडून आणलेला नवा माठ, तशाच आकाराचा बरीच वर्षं वापरलेला जुना माठ आणि एक स्टीलची घागर. घागर कशाला, असा प्रश्न विरोधी पक्षाने पहिल्याच दिवशी विचारला. उत्तर मुलांनीच शोधलं: नुसत्या सावलीत ठेवल्याने पाणी किती गार राहतं हे कळल्याशिवाय मातीने किती गार केलं हे कसं कळणार? तिन्ही भांड्यांत पाच-पाच लिटर पाणी, एकाच टाकीतलं. तिन्ही शाळेच्या व्हरांड्यात, एकाच रांगेत, सारख्याच लाकडी पाटांवर. शाळा भरताना भरायची आणि दर तासाच्या घंटेला तापमान घ्यायचं. शाळा सुटताना किराणा दुकानातून उसन्या आणलेल्या काट्यावर वजन करायचं, म्हणजे किती पाणी उडून गेलं ते समजेल. फरक फक्त भांड्यात, बाकी सगळं सारखं. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हे वाक्य फळ्यावर लिहून देण्यापेक्षा पाट सारखे आहेत का यावर मुलांनी भांडलेलं बरं.

तापमापीचा माठ

आणि भांडण झालंच, पण वेगळ्या कारणावरून. पहिल्याच आठवड्यात स्टीलच्या घागरीचं माप वाचणाऱ्या मुलाने 32 अंश सांगितलं आणि तपासणाऱ्या मुलीने 29. भांडं एकच, पाणी एकच, तापमापी एकच. दोघांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. 'तिला वाचता येत नाही' असं तो म्हणाला, 'तो अंदाजाने सांगतो' असं ती म्हणाली. लिहिणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अशा वेळी शिक्षकाने 'बरोबर आकडा हा' असं सांगून टाकलं की प्रकल्प त्याचा होतो आणि मुलांच्या हातून सुटतो. मी एवढंच म्हटलं की दोघांनी पुन्हा एकदा माप घ्या आणि बाकीच्या तिघांनी आकड्याकडे न बघता फक्त त्यांच्या हातांकडे बघा. त्या मुलाने तापमापीचा फुगा पाण्यातच ठेवला आणि घागरीच्या तोंडाशी डोळा आणून वर आलेल्या पट्टीवर आकडा वाचला. मुलगी उंचीने लहान. तिला घागरीच्या गळ्याशी अंधारात आकडे दिसेनात, म्हणून तिने तापमापी वर काढला, व्हरांड्याच्या कडेला उजेडात नेला आणि तिथे वाचला. बाहेर दुपारचा कोरडा वारा सुटलेला.

हात बघणाऱ्यांतली सहावीची मुलगी म्हणाली, "ती बाहेर काढून वाचते." मग पाचही जण तापमापीभोवती जमले. पाण्यात बुडवून वर काढला आणि वाऱ्यात धरला. लाल रेघ बघता बघता खाली उतरत गेली, थोडा वेळ थांबली आणि फुगा वाळल्यावर हळूहळू वर चढायला लागली. मग कापडाने कोरडा पुसून त्याच वाऱ्यात धरला, तर रेघ खाली यायचं नावच घेईना. मुलं हे पुन्हा पुन्हा करून बघत राहिली. शेवटी तीच सहावीची मुलगी म्हणाली, "बाई, तापमापीचा पण माठ झाला!"

याहून नेमकं स्पष्टीकरण मलाही देता आलं नसतं. माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि वाऱ्याने उडून जातं. उडून जाताना लागणारी उष्णता ते माठातल्या पाण्याकडून घेतं. ओल्या तापमापीच्या काचेवर तेच घडत होतं. हवामान खात्याच्या वेधशाळांत जाळीदार लाकडी पेटीत दोन तापमापी शेजारी शेजारी ठेवतात. एकाचा फुगा कोरडा असतो, दुसऱ्याच्या फुग्यावर ओलं मलमलीचं कापड. दोघांतल्या फरकावरून हवेत बाष्प किती आहे ते काढतात. हे मी सांगितल्यावर मुलांना केवढी अपूर्वाई वाटली. वेधशाळेत जे मुद्दाम करतात ते त्यांना भांडणातून सापडलं होतं. माप एकट्याने घेतलं असतं तर वहीत 29 हा आकडा निमूटपणे जाऊन बसला असता.

न बघता मोजणं

त्या दिवसानंतर मी मुलांना प्रोफेसर ब्लोंडलोंची गोष्ट सांगितली. 1903 मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. शहराच्या नावावरून त्यांना एन-किरण म्हणू लागले. ते दिसायचे अंधाऱ्या खोलीत, एखादी फिकट चमक किंचित वाढल्यासारखी. बऱ्याच जणांनी आपल्यालाही ते दिसल्याचं सांगितलं; काहींना काही केल्या दिसेनात. 1904 मध्ये रॉबर्ट वुड हे अमेरिकन शास्त्रज्ञ ती प्रयोगशाळा बघायला गेले. प्रयोग चालू असताना अंधारात त्यांनी उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला. प्रिझमशिवाय ते किरण अलग होऊन दिसायला नकोत, पण तरीही मापं पहिल्यासारखीच येत राहिली. ब्लोंडलो लबाड नव्हते. त्यांना जे दिसावंसं वाटत होतं तेच दिसत होतं.

ही गोष्ट ऐकून विरोधी पक्षाने शंका काढली, "मग आपल्याला पण नवा माठ जास्त गार वाटत असेल, कारण आपल्याला तसंच पाहिजे." ही शंका लाखमोलाची होती. मुलांनी तोडगाही काढला. एकाने तिन्ही भांड्यांतलं पाणी तीन सारख्या पेल्यांत ओतायचं, पेल्यांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि पेल्यांची जागा बदलून ठेवायची. माप घेणारा तेव्हा वर्गाबाहेर. त्याने आत येऊन फुगा पाण्यातच ठेवून तिन्ही मापं वाचायची आणि ती लिहून झाल्यावरच चिठ्ठ्या बघायच्या. औषधांच्या चाचण्यांत रुग्णाला आणि डॉक्टरला कोणतं औषध खरं हे कळू देत नाहीत, ते याच कारणासाठी. सातवीच्या मुलांना हे व्हरांड्यात, स्टीलच्या पेल्यांत करता येतं.

आकड्यांना बोलतं करणं

आकडे गोळा झाले की पुष्कळ प्रकल्प तिथेच थांबतात. तक्ता होतो, रंगीत स्तंभालेख होतो आणि झालं. खरं तर शिक्षकाची मदत इथे सर्वांत जास्त लागते. ऑक्टोबरच्या एका कोरड्या दुपारी हवा 34 अंशांवर होती तेव्हा घागरीत 32, जुन्या माठात 29 आणि नव्या माठात 26 अंश भरले. फरक तर दिसला. पण हा फरक पाणी उडून गेल्यामुळेच पडला हे कशावरून?

आठवीच्या पुस्तकात कॅलरी येते: एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. अप्रकट उष्मा दहावीत आहे, पण त्याचा आकडा आधी सांगायला काहीच हरकत नाही. साधारण 30 अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडालं की 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी गार होण्याइतकी उष्णता गेली. मुलांनी हिशोब मांडला: पाच लिटर पाणी सहा अंशांनी गार व्हायला 30,000 कॅलरी जायला हव्यात, म्हणजे निदान 50 ग्रॅमच्या वर पाणी उडायला हवं. काट्यावर त्याहून बरंच जास्त पाणी कमी झालेलं निघालं. का? बाहेरची गरम हवा माठाला सतत तापवत असते, तेवढी उष्णताही पाण्याला बाहेर टाकावी लागते. हा मुद्दा गाठायला मुलांना दोन तास लागले आणि ते दोन तास मी इतिहासाच्या सरांकडून मागून घेतले.

जुना माठ नव्यापेक्षा कमी वजन गमावत होता. छिद्रं बुजली असावीत, असा मुलांचा अंदाज. माठावरच्या पांढऱ्या थरावर त्यांनी लिंबाचा रस टाकला. बारीक बुडबुडे आले. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर टाकला, तिथेही आले. म्हणजे चुन्याचा क्षार. मग काथ्याने घासून माठ पुन्हा लावला. वजन थोडं जास्त उतरू लागलं, पण नव्या माठाइतकं नाही. आत भिंतीत खोलवर बसलेला थर घासून निघत नसावा. 'नसावा' हा शब्द त्यांनी वहीत तसाच लिहिला, कारण तो अंदाज होता, मोजमाप नव्हतं.

बिघडलेले दिवस

मध्येच परतीच्या पावसाने गाठलं. आभाळ भरलेलं, हवा दमट, आणि नव्या माठातलं पाणी घागरीतल्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन अंश गार. मुलं हिरमुसली. 'हे दिवस तक्त्यातून काढून टाकूया, नाहीतर आलेख वाकडा दिसेल' असं गटात ठरत आलं होतं. या वयात मुलं बक्षिसासाठीच असं करतात असं नाही. आपलं उत्तर नीटनेटकं दिसावं असं त्यांना मनापासून वाटत असतं. इथे शिक्षकाने ठाम राहायला हवं. मोजलेला आकडा काढायचा नाही. तो वेगळा का आला ते शोधायचं.

दोन तापमापींची युक्ती आता हाताशी होतीच. एकाच्या फुग्याला ओल्या धोतराचा तुकडा गुंडाळून मुलांनी रोजची हवा किती कोरडी हे बघायला सुरुवात केली. दोन तापमापींतलं अंतर जास्त असेल त्या दिवशी माठ चांगला गार, अंतर कमी असेल त्या दिवशी माठ सुस्त. जे दिवस काढून टाकायला निघाले होते त्यांनीच प्रकल्पातला सर्वांत चांगला आलेख दिला. कोकणातल्या मामाकडे मे महिन्यातसुद्धा माठातलं पाणी आपल्यासारखं गार का लागत नाही, याचंही उत्तर एका मुलाला त्यातून मिळालं.

टेबलापाशी

प्रदर्शनाच्या मांडणीसाठी माझे नियम मोजके आहेत. तक्त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात प्रश्न लिहायचा. त्याखाली काय केलं, काय मिळालं आणि काय अजून कळलं नाही. दिवे लावायचे नाहीत, पाठ केलेलं भाषण नाही. मुलांनी आदल्या आठवड्यात दुसऱ्या वर्गाला, स्वयंपाकाच्या मावशींना आणि एखाद्या आजोबांना प्रकल्प समजावून सांगायचा. स्वयंपाकाच्या मावशींच्या प्रश्नांइतकी चांगली तयारी कुणीच करून घेत नाही. माठाबद्दल त्यांना परीक्षकांपेक्षा जास्त माहिती असते. आणि पाचांपैकी कोणालाही कुठलाही प्रश्न विचारला तर त्याने उत्तर द्यायचं. कामं फिरवलेली असली की हे जमतं, कारण प्रत्येकाने प्रत्येक काम केलेलं असतं.

तालुक्याला एका परीक्षकांनी विचारलं, "एका जुन्या माठावरून सगळ्या जुन्या माठांचं कसं सांगता?" उत्तर दिलं ते सुरुवातीला पाणी भरण्यापलीकडे पुढे न येणाऱ्या मुलाने. तो म्हणाला, "सांगता येत नाही, सर. म्हणून आम्ही घरून अजून दोन जुने माठ आणले. त्यातला एक कमी गार करतो. दुसरा नव्यासारखाच करतो. का ते आम्हाला कळलं नाही." परीक्षकांनी वही उघडून त्या दुसऱ्या माठाची पानं शोधली आणि पुढचा बराच वेळ ते त्या पाच जणांशी बोलत राहिले. तो माठ कुठल्या विहिरीच्या पाण्यावर होता, हे विचारायचं मुलांना तिथे सुचलं. परतताना जीपमध्ये पुढच्या प्रकल्पाचा प्रश्न ठरलाही होता.

सी. व्ही. रामन यांचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा; त्या तारखेला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. कोलकात्याच्या त्या प्रयोगशाळेत रामन यांच्यासोबत के. एस. कृष्णन होते, हे मी दर वर्षी मुलांना आवर्जून सांगते. भिंतीवरच्या तसबिरीत एकच चेहरा असतो, पण प्रयोगाच्या खोलीत एकाहून जास्त माणसं असतात.

घरच्यांसाठी आणि परीक्षकांसाठी

पालकांना मी तीन गोष्टी मागते. सामान विकत आणण्याआधी मुलाला घरात काय मिळतं ते शोधू द्या. प्रयोग फसला तर हात घालू नका, फक्त 'आता काय करणार?' एवढं विचारा. आणि रात्री जेवताना मुलाने आज काय मोजलं ते ऐकून घ्या. माठाचा प्रश्न लिहिणाऱ्या मुलीच्या आजींनी यापुढची एक गोष्ट केली. त्या स्वतः शाळेत येऊन मुलांशी वाद घालून गेल्या, आणि मुलांनी त्यांना आकडे दाखवले. शिक्षक मित्रमैत्रिणींनाही माझी एक विनंती आहे. वेळ नाही, हे मलाही माहीत आहे. कागदपत्रं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून तास मिळत नाहीत. म्हणूनच वर्षाला दहा मॉडेलं उभी करण्यापेक्षा एक गट, एक लहान प्रश्न आणि एक खरी वही एवढंच धरा. सातवीच्या मुलाला जर एकदा कळलं की आपण मोजलेलं दुसऱ्याने तपासायचं असतं आणि त्यात अपमान नसतो, तर उद्या मोबाइलवर आलेली कुठलीही खबर पुढे पाठवण्याआधी तो क्षणभर थांबेल. समाज म्हणून आपल्याला याची किती गरज आहे, हे वेगळं सांगायला नको.

येत्या हिवाळ्यात तुमच्या तालुक्यात विज्ञान प्रदर्शन भरलं की जरूर जा. परीक्षक असा, पालक असा किंवा नुसते बघे असा. टेबलामागच्या मुलांना 'हे कसं चालतं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी पाठ केलेलं असतं. त्यांना विचारा, 'तुमच्यात कशावरून भांडण झालं आणि ते तुम्ही कसं मिटवलं?' ज्या गटाला याचं उत्तर देता येईल, त्या गटाच्या टेबलापाशी थांबा आणि त्यांची वही नीट वाचा.